माळकरी मशीन

गंगुआत्याने व्हिडिओ कॉलवर आमच्या सिंकमध्ये जेवत बसलेला कावळा पाहिला, तिथून सगळं सुरू झालं.

कावळ्याची यात काही चूक नव्हती. खिडकी उघडी होती, भांड्यांचा ढीग खिडकीच्या उंचीला आला होता आणि सगळ्यात वरच्या ताटलीत मांदेलीची डोकी होती. कोणत्याही समंजस कावळ्याने तेच केलं असतं. माझे वडील, म्हणजे आप्पा, व्हिडिओ कॉलसुद्धा कानाला लावून घेतात. त्यामुळे पलीकडच्या माणसाला आप्पांचा कान आणि कानामागचं घर, एवढंच दिसतं.

"आप्पा, तुझ्या मागं कोण हाय?" आत्याने विचारलं.

"कोण नाय. ऋत्विक कामावर गेलाय."

"मग ताटात जेवतोय तो कोण?"

आप्पांनी वळून बघितलं. कावळ्यानेही आप्पांकडे बघितलं. आप्पा म्हणाले, "ओळखीचा हाय."

हा संवाद मला पुढे दोघांनीही वेगवेगळा सांगितला, पण कावळ्याबद्दल दोघांचं एकमत आहे.

आप्पा मिरकरवाड्याच्या बंदरावर लाँचवर तांडेल, म्हणजे कप्तान, होते. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांनीही दिला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी मारुती मंदिराजवळ एका दुकानात फ्लेक्स डिझाइन करतो, म्हणजे लोकांच्या वाढदिवसाला त्यांचे गाल गुळगुळीत करतो. स्वयंपाक आम्ही वाटून घेतला होता, पण भांड्यांचा नियम असा होता की जो आधी जेवून उठेल त्याने घासायची. त्यामुळे आमच्या घरी कोणी जेवण संपवतच नसे. एकेक घास ताटात ठेवून आम्ही दोघं समोरासमोर टीव्ही बघत बसायचो. कामाला बाई ठेवून बघितली. आप्पा तिच्या मागे उभे राहून लाँचचा डेक कसा धुतात ते सांगायचे. ती गेली. दुसरी आली, तिलाही डेक ऐकवला.

गंगुआत्या आप्पांची मोठी बहीण, चिपळूणला असते. तिने बऱ्याच वर्षांपूर्वी तुळशीची माळ घातली आणि मासळी सोडली. तिच्या घरात कोणी नुसतं 'सुरमई' म्हटलं तरी ती खिडक्या उघडते. तिने फोनवरच निकाल दिला.

"मी येते रविवारी. आठवडाभर राहते. घर माणसासारखं चालत असलं तर ठीक. नायतर आप्पा, तुझी पिशवी भर, तुला चिपळूणला नेते."

"आणि ऋत्विक?"

"त्याचं कावळा बघेल."

चिपळूण वाईट नाही. बाजार आहे, नदी आहे, आत्याचं घर पुराच्या पाण्याच्या वर आहे, सूनबाई डाळीला फोडणी चांगली देतात. अडचण डाळीचीच होती. आप्पांनी सोमवार आणि चतुर्थ्या सोडल्या तर आयुष्यात एक दिवस मासळीशिवाय काढलेला नाही. आत्याकडे जाणं म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य सोमवार.

आप्पा त्या रात्री जेवण पूर्ण संपवून उठले आणि भांडी घासली. एवढे ते घाबरले होते. पण गुडघे दुखायला लागले. मग ते म्हणाले, "कायतरी यंत्र मिळतं ना रे?"

भांडी धुवायची मशीन विकणारं दुकान शाळेत माझ्या वर्गात असलेल्या मितेशचं. आप्पा सोबत कापडी पिशवीत कालवणाचा टोप घेऊन आले होते. मितेशने आधी मोठं, जमिनीवर उभं राहणारं मशीन दाखवलं. आप्पा म्हणाले, हे आणलं तर ऋत्विकला बाहेर झोपावं लागेल. मग त्याने छोटं दाखवलं, ओट्यावर मावणारं. आप्पांनी त्याचं दार उघडलं, वाकून आत बघितलं, जाळी बोटाने उचलली आणि वास घेतला. मासळी ताजी आहे का ते बघताना ते कल्ले उचलतात, अगदी तसं.

"टोप जाईल?"

टोप आडवा घातल्यावर गेला, पण मग खालचं पाणी उडवणारं पातं त्याला अडकायला लागलं.

"काका, हे पातं मोकळं फिरलं पाहिजे," मितेश म्हणाला. "फिरलं नाही तर वरची भांडी कोरडीच राहतात. मोठी भांडी कडेला लावायची. खरकटं आधी काढून टाकायचं, नाहीतर जाळी तुंबते. लोखंडी तवा नाही घालायचा, पोळपाट नाही, ॲल्युमिनियम काळं पडतं."

"म्हणजे निम्मी भांडी आम्हीच घासायची."

"निम्मी नाही काका. थोडी."

"पाणी किती तापतं?"

"सगळ्यात कडक प्रोग्रॅम लावला तर सत्तर डिग्री. दोन तास."

आप्पांनी मशीनचं दार एकदा लावून पुन्हा उघडून बघितलं.

"आणि वास?"

"दाराला रबर आहे. बाहेर वास येत नाही."

"नाय येत?"

"नाही."

"अजिबात?"

मितेशला वाटलं गिऱ्हाईक चौकस आहे. मलाही तेच वाटलं.

भाव ठरल्यावर आप्पा जागचे हलेनात. बंदरावर वाटा घेतला की कोळीण वर एखादा मासा टाकते. आप्पांच्या हिशेबाने हे सगळ्या व्यापाराला लागू आहे. "वरचा टाक," ते म्हणाले. मितेशने साबणाच्या वड्यांचं पाकीट टाकलं. आप्पा तरीही उभे. शेवटी मितेशने शोकेसमधून स्टीलचा एक डबा काढून दिला, चारी बाजूंनी क्लिपा लागणारा. "काका, हा समुद्रात टाकला तरी आत थेंब जाणार नाही."

आप्पांनी तो डबा कानाशी हलवून बघितला. समाधान झालेलं दिसलं.

मशीन ओट्यावर मिक्सरच्या जागी बसलं, आणि मिक्सर टीव्हीशेजारी गेला. एक नळी नळाला, एक सिंकमध्ये. आत्या यायच्या आदल्या दिवशी आम्ही मासळीची सगळी भांडी, विळी, टोप, तवा, सगळं गोणीत भरून बाबल्याकडे नेऊन ठेवलं. बाबल्या आप्पांच्या लाँचवर खलाशी होता, पुढच्या गल्लीत राहतो, आणि अजूनही आप्पांना 'तांडेल' म्हणतो.

"तांडेल, कुठं बाहेरगावी?"

"नाय. घरीच. आठवडाभर."

बाबल्याने गोणीकडे बघितलं. तो माणूस समजूतदार आहे. "काय लागलं तर सांगा," एवढंच म्हणाला.

रविवारी आत्या आली. चहाच्याही आधी तिने खिडकी बघितली, मग सिंक, मग मशीन. तिच्या पिशवीत तिचं स्वतःचं ताट, वाटी आणि तांब्या होता, वेगळ्या फडक्यात बांधलेला. मासळीच्या घरात ती आपल्याच ताटात जेवते आणि ते आपल्याच हाताने घासते.

"ह्यात मासळीचं भांडं गेलंय?"

"परवाच आणलंय," आप्पा म्हणाले. हे खरं होतं.

"मग ह्याला आताच वळण लावायला पायजे."

तिने पिशवीतून तुळशीची एक जादा माळ काढली, मशीनच्या मागे नळाला जाणारी जी नळी होती तिला गुंडाळली, आणि हात जोडले. आप्पांनीही जोडले. मला काही सुचलं नाही म्हणून मी प्लगचं बटण चालू केलं. मशीनने 'टिं' केलं.

"बघ," आत्या म्हणाली. "आता हा माळकरी."

"आत्या, मग याला एकादशी असते?"

"उपास नाय. नियम असतो. मासळीचं भांडं शिवायचं नाय, एवढंच."

"आणि तुझं ताट घालायचं का त्यात?"

"इतक्यात नाय. नव्या माळकऱ्यावर कोण विश्वास ठेवतं काय?"

आप्पा म्हणाले, "आक्का, सत्तर डिग्रीचं पाणी हाय. गंगासुद्धा एवढी तापत नाय."

"गंगेला प्लग लागत नाय," आत्या म्हणाली, आणि आपलं ताट नळाखाली घासून फडक्यात बांधलं.

पहिले दोन दिवस चांगले गेले. आम्ही प्रत्येक जेवणानंतर खरकटं काढायचो, भांडी लावायचो, वडी घालायचो. आत्या स्टुलावर बसून काचेच्या दाराकडे बघायची. मशीन कसं लावायचं ते तिला आमच्याआधी कळलं. "वाट्या पालथ्या. ताटं एकमेकांकडं पाठ करून नाय, तोंड करून. बायका बसतात तशी." भांडी लख्ख निघायची. सिंक इतकं रिकामं राहायला लागलं की कावळा दोनदा येऊन, बघून, परत गेला.

पण आप्पा उतरायला लागले. सोमवार त्यांना सवयीचा होता. मंगळवार त्यांनी सोमवार समजून काढला. बुधवारी सकाळी शेपूची भाजी बघितल्यावर ते खिडकीतून बंदराच्या दिशेने बघत बसले आणि म्हणाले, "आज वारा दक्षिणेचा हाय." वारा अजिबात नव्हता.

बुधवारी दुपारपासून मात्र त्यांना मशीनचा लळा लागला. मी जेवायला घरी आलो तर मशीन सुरू, आणि आत काचेतून बघितलं तर वरच्या जाळीत दोन कप.

"दोन कपांना दोन तासांचा प्रोग्रॅम?"

"चहाचे डाग वाईट," आप्पा म्हणाले.

आत्या देवासमोरून म्हणाली, "असूं दे रे. जन्मात कधी कप विसळला नाय त्याने. आता आवड लागलीय तर लागूं दे."

संध्याकाळी आप्पा फिरायला निघाले, हातात पिशवी. आत्याकडे त्यांनी दोन तांदळाच्या भाकऱ्या मागितल्या. भाट्याच्या किनाऱ्यावर कुत्री असतात, त्यांना घालायला. आत्याचे डोळे भरून आले. तिने चार दिल्या. "बघ ऋत्विक, शाकाहार केला की भूतदया आपोआप येते."

माझ्या मनात काही शंका आली नव्हती. आप्पांनी मला "तूपण चल" म्हटलं तेव्हा मी कंटाळत गेलो. सुरूच्या झाडांखाली बसून त्यांनी पिशवीतून मितेशचा डबा काढला आणि एकेक क्लिप उघडली.

आत बांगडा होता. हळदीच्या पानावर, कोकम, मिरची, थोडं खोबरेल. वाफवलेला, मऊ, काट्यापासून सुटत होता.

"बाबल्याने केला?"

"बाबल्याने दिला. केला मशीनने." आप्पांनी भाकरी मोडली. "सत्तर डिग्री, दोन तास. बाहेर वास नाय. त्या पोराने दुकानात तीनदा सांगितलं. मी तेव्हाच म्हटलं, हे यंत्र भांड्यांवर फुकट जायला नको."

"आप्पा, त्याच्या गळ्यात माळ आहे."

"डबा बंद हाय. चार क्लिपा हायत. त्याला कळतसुद्धा नाय आत काय हाय ते. नियम भांडं शिवायचा हाय, ऋत्विक. हे भांडं मासळीचं बाहेरनं नाय, आतनं हाय."

यावर मी जेवढा विचार केला तेवढा बांगडा कमी होत गेला. शेवटी मीही भाकरी घेतली. काटे कुत्र्यांना घातले, त्यामुळे ते सगळंच खोटं होतं असं म्हणता येणार नाही. डबा समुद्राच्या पाण्यात वाळूने घासला आणि रिकामा घरी आणला.

गुरुवारी सौंदाळे झाले. शुक्रवारी कोळंबी, ती जरा चिवट झाली, आप्पांच्या मते कोळंबीला पंचावन्न डिग्रीचा प्रोग्रॅम पाहिजे. प्रत्येक वेळी ते डब्याभोवती कप, वाट्या लावायचे आणि साबणाची वडीही घालायचे. एका पाण्यात दोन कामं, असा त्यांचा हिशेब. आप्पांचा चेहरा भरला. आत्या म्हणाली, शेपू मानवला.

आत्या दुसऱ्या रविवारी निघणार होती. सकाळी तिने पिशवी भरली आणि म्हणाली, "दुपारी जेवल्यावर सांगते काय ते."

"काय वाटतं तुम्हाला?" मी आप्पांना हळूच विचारलं.

"काय सांगावं. पण बाबल्याकडे आज दोन बांगडे आलेत, पहाटेचे."

"आज नको. आज निकाल आहे."

"म्हणूनच. न्यायचं ठरलं तर हे शेवटचे बांगडे. नाय ठरलं तर सेलिब्रेशन. दोन्हीकडनं बांगडे येतातच."

आत्या पूजेला बसली तेव्हा त्यांनी डबा आत ठेवला, भोवती चहाचे कप मांडले, कडक प्रोग्रॅम लावला, बाहेर बसून पेपर वाचला आणि मग आंघोळीला गेले. मी टेबलापाशी मोबाइलवर एका भावी नगरसेवकाचे गाल करत होतो. थोड्या वेळाने वीज गेली. मशीनची घरघर थांबली. आमच्याकडे वीज जाते तेव्हा कोणी काही म्हणत नाही, त्यामुळे मीही काही म्हणालो नाही.

आत्या पूजा आटपून, पोहे खाऊन स्वयंपाकघरात आली. हातात तिचं ताट. ती सिंककडे गेली नाही. मशीनसमोर उभी राहिली.

"ऋत्विक, झालं वाटतं ह्याचं. गप्प बसलाय."

"हं," मी म्हणालो.

"मी काय म्हणते, आज माझं ताट ह्याच्याकडेच देते. आठवडाभर बघितलं. नीट राहिला. घर पण नीट हाय. उगाच कशाला म्हाताऱ्याला समुद्रापासनं तोडा."

मला कळलं की आपण जिंकलो. मग मला कळलं की मशीनमध्ये काय आहे. या दोन्हींच्या मध्ये फक्त दार उघडायला लागतो तेवढा वेळ गेला.

"हे काय? डबा झाकण लावून धुवायला ठेवतात काय? आतनं कसा निघणार?" आत्याने डबा बाहेर काढला, पदराने धरला, आणि मी खुर्चीतून उठेपर्यंत चारही क्लिपा उघडल्या.

वाफ वर आली. हळदीच्या पानावर दोन बांगडे शेजारी शेजारी पडले होते, अर्धवट शिजलेले, एकमेकांकडे तोंड करून. बायका बसतात तसे.

खिडकीत कावळा येऊन बसला. त्यालाही आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं असावं.

आप्पा पंचा गुंडाळून मोरीतून बाहेर आले. त्यांनी आधी आत्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे.

"आक्का, तो बाबल्याचा डबा हाय."

"बाबल्या तुझ्या घरात येऊन शिजवतो?"

"त्याच्याकडं मशीन नाय."

"कधीपास्नं चाललंय?"

"बुधवारपासून," मी म्हणालो. कोणीतरी म्हणायला हवं होतं.

"मी घरात असताना?"

"तू नसतीस तर गॅसवरच केले असते," आप्पा म्हणाले. हे खरं होतं, पण त्याचा फायदा झाला नाही.

"आणि ती कुत्री?"

"कुत्री हायत. खोटं नाय. काटे त्यांनाच घातले."

आत्या डबा हातात घेऊन स्टुलावर बसली. झाकण बाजूला होतं, पण ती ते लावत नव्हती. तिने मान थोडी खाली केली. मला वाटलं ती रडतेय. मग ती म्हणाली, "त्रिफळं नाय घातलीस."

आप्पांनी पंचा घट्ट केला.

"बांगड्याला त्रिफळं नाय घातली तर बांगडा कशाला करायचा? आपली आई काय करायची विसरलास?"

"ही गेल्यापास्नं घरात नायत," आप्पा म्हणाले. "कुठल्या बरणीत ठेवायची ते तिलाच ठाऊक. आम्हाला रिकाम्या बरण्याच सापडल्या."

आत्याने डबा मांडीवर ठेवला.

"मी तुला न्यायला आलेली, आप्पा."

"ठाऊक हाय."

"सकाळी वाटलं, नको न्यायला. घर नीट चाललंय म्हणून." तिने झाकणाकडे बघितलं. "आता तर मुळीच नाय नेत."

"का?" आप्पा म्हणाले. त्यांचा स्वभाव असा आहे, सुटलेल्या माणसाने विचारू नये ते विचारतात.

"माझ्याकडं गिझर हाय. कपड्याचं मशीन हाय. सुनेचं केस वाळवायचं ते हाय. तुला नेला तर वर्षाच्या आत तू माझ्या समईवर सुकट भाजशील. त्यापरीस इथं राहा. इथं निदान तुझं पाप तुझ्या ओट्यावर."

आप्पांनी दुःखी चेहरा करायचा प्रयत्न केला. जमला नाही, म्हणून त्यांनी पंच्याने तोंड पुसलं.

आत्या उठली. मशीनच्या मागे हात घालून तिने नळीला गुंडाळलेली माळ काढली, डोळ्यांना लावली आणि पिशवीत ठेवली. "ह्याला झेपायचं नाय," ती मशीनला उद्देशून म्हणाली, पण तिच्या आवाजात फारसा राग नव्हता. "संगतच तशी."

तेवढ्यात वीज आली. मशीनने 'टिं' केलं आणि दार उघडं असल्याबद्दल लाल दिवा लावला.

मी म्हटलं, "आत्या, डबा दे. मी बाबल्याकडे देऊन येतो."

"किती वेळ राहिलाय ह्याचा?"

"तासभर असेल."

"मग अर्धवट कशाला काढतोस? कच्ची मासळी पोटाला वाईट." तिने झाकण लावलं, चारी क्लिपा एकेक दाबून बघितल्या, डबा आत ठेवला. मग थांबून तो पुन्हा उचलला आणि कडेला सरकवला. "मधोमध ठेवला होतास. पातं अडकत होतं. म्हणून तर एका बाजूनेच शिजलेत." तिने कप नीट पालथे केले, दार लावलं आणि बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं.

तिचं ताट तिने नळाखाली स्वतःच्या हाताने घासलं, पुसलं, फडक्यात बांधलं आणि पिशवीत सगळ्यात खाली ठेवलं. एसटी दुपारची होती. आप्पा म्हणाले, आक्का, बाहेर पंख्याखाली बस. ती नको म्हणाली. मशीन थांबेपर्यंत स्वयंपाकघरात स्टुलावरच बसून राहिली.

मितेश दुकानात खरं बोलला होता. वास अजिबात बाहेर येत नव्हता. आत्याने दोनदा दाराशी वाकून खात्री करून घेतली.